उसनवारीचे औषध

१९५५ सालच्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेतील शल्यचिकित्सकांच्या एका प्रतिष्ठित मासिकात, ज्यांच्या अधिवृक्क ग्रंथी निकामी झाल्या आहेत अशा रुग्णांवर शस्त्रक्रिया करण्याची वेळ आल्यास कोणता बंदोबस्त ठेवावा, या विषयावर एक निबंध प्रसिद्ध झाला, आणि त्यात नावगाव न सांगता एका ३७ वर्षांच्या पुरुषाची हकिकत दिलेली होती. हा गृहस्थ ॲडिसनच्या व्याधीने कित्येक वर्षे ग्रस्त होता. दर तीन महिन्यांनी एका संप्रेरकाच्या गुटिका त्याच्या कातडीखाली पुरल्या जात आणि शिवाय रोज २५ मिलिग्रॅम कॉर्टिसोन तो पोटात घेत असे. पाठीच्या असह्य दुखण्यापायी न्यूयॉर्क येथे २१ ऑक्टोबर १९५४ रोजी त्याच्या कण्यावर शस्त्रक्रिया झाली. पुढे १९६७ साली एका विकृतिशास्त्रज्ञाने तपशील जुळवून दाखवून दिले, की हा अनामिक रुग्ण म्हणजे त्या वेळचे सिनेटर आणि नंतरचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी. तोवर केनेडींना जाऊन चार वर्षे लोटली होती. आणि १९६०च्या निवडणुकीत तर त्यांच्या माणसांनी असा काही रोग असल्याचे साफ नाकारले होते.

राजकारणातली ही लपवाछपवी आपण राजकारण्यांकडेच सोडू. वैद्यकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. त्याच शस्त्रक्रियेला हाच रुग्ण दहा वर्षे आधी सामोरा गेला असता, तर तो टेबलावरून जिवंत उतरला असता की नाही याची शंकाच होती. १९५४ साली तो जगला, कारण जे द्रव्य त्याचे शरीर निर्माण करू शकत नव्हते ते बाहेरून आणून शिरेवाटे देण्याची सोय तोपर्यंत झालेली होती. त्या द्रव्याच्या गोत्रालाच आपण आज स्टेरॉइड म्हणतो, आणि हे नाव उच्चारताच आपल्याकडे घरातली चार माणसे चार तऱ्हेचे चेहरे करतात.

आपल्या दोन मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या आणि प्रत्येकी जेमतेम चार-पाच ग्रॅम वजनाच्या या अधिवृक्क ग्रंथी शारीरविदांना सोळाव्या शतकापासून माहीत होत्या. परंतु त्यांचे कार्य काय, याचा उलगडा व्हायला लंडनच्या गाय रुग्णालयातील टॉमस ॲडिसन यांचा १८५५ सालचा ग्रंथ यावा लागला. अंगाचा वर्ण काळवंडत जाणारे, दिवसेंदिवस क्षीण होत अखेरीस मृत्युमुखी पडणारे काही रोगी त्यांनी पाहिले होते, आणि शवविच्छेदनात त्यांच्या या ग्रंथी नष्ट झालेल्या आढळल्या होत्या. या ग्रंथींच्या बाहेरच्या सालीत जी अनेक संप्रेरके तयार होतात त्यांतले मुख्य कॉर्टिसॉल. रक्तातील साखर राखणे, रक्तवाहिन्यांचा ताण टिकवणे, आणि शरीराच्या संरक्षक पेशी आपल्याच घरावर तुटून पडू लागल्या तर त्यांना आवर घालणे, ही त्याची नित्याची कामे. निरोगी माणसाच्या शरीरात दिवसाकाठी सुमारे १० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल तयार होते, त्यातला मोठा वाटा पहाटेपासून सकाळपर्यंत. मध्यरात्रीच्या सुमारास कोठार जवळपास रिते असते. म्हणूनच स्टेरॉइडच्या गोळ्या शक्यतो सकाळी न्याहारीनंतर घ्यायला सांगतात, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या वेळापत्रकाशी त्यांचा फार तंटा होत नाही आणि रात्रीची झोपही उडत नाही.

या कोठाराचा कारभार हुजुरातून चालतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसकडून हुकूम निघतो, त्याखालच्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीमार्फत तो अधिवृक्कांकडे पोहोचतो, आणि तेथून रसद सुटते. रसद पुरेशी पोहोचली की तसा अहवाल रक्तावाटे वर जाऊन हुकूम थांबतो. माणसाच्या शरीरावर मोठा आघात झाला, आणि शस्त्रक्रिया कितीही सद्हेतूने केलेली असली तरी शरीराच्या लेखी तो आघातच, की हे हुकूम एकामागून एक सुटू लागतात आणि त्या एका दिवसात अधिवृक्क ग्रंथी नेहमीच्या कितीतरी पट, शंभर मिलिग्रॅमपर्यंत आणि प्रसंगी त्याहून अधिक कॉर्टिसॉल ओततात. या जादा रसदीच्या बळावरच रक्तदाब टिकतो. हर्निया किंवा मोतीबिंदूसारख्या लहान शस्त्रक्रियेत ही मागणी थोडी असते. पोट वा छाती उघडावी लागली तर पुष्कळ.

आता हे द्रव्य बाटलीत कसे आले ते पाहू. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर येथे मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल हे रसायनशास्त्रज्ञ अधिवृक्कांच्या अर्कातून एकेक संयुग वेगळे करीत बसले होते, तिकडे स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे टाडेउश राइखश्टाइन तेच करीत होते, आणि मेयोमधलेच संधिवाताचे वैद्य फिलिप हेंच यांना एक कोडे वर्षानुवर्षे छळत होते: कावीळ झाली किंवा बाई गरोदर राहिली, की तिचा हट्टी संधिवात काही काळ आपोआप का नरमतो? शरीरातच असे काही द्रव्य असले पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. बैलाच्या पित्तापासून तीसहून अधिक रासायनिक पायऱ्या चढून तयार केलेले थोडेसे कॉर्टिसोन हाती आल्यावर २१ सप्टेंबर १९४८ रोजी त्यांनी ते अंथरुणाला खिळलेल्या एका २९ वर्षांच्या स्त्रीला टोचले. आठवड्याभरात ती बाई स्वतःच्या पायांनी बाजारहाट करून आली. दोनच वर्षांत, १९५० साली, या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. इतकी घाई त्या समितीने क्वचितच केली असेल.

परंतु उसनवारीचा हिशेब पहिल्या दिवशी कळत नसतो. बाहेरून रोज आयती रसद येऊ लागली, की हुजुरातून हुकूम निघायचे थांबतात. आणि महिनोन् महिने हुकूमच न आल्याने कोठीवरची माणसे पांगावीत तशा अधिवृक्क ग्रंथी आक्रसून जातात. १९५२ साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात एका तरुण रुग्णाची नोंद प्रसिद्ध झाली, त्याने संधिवातासाठी काही महिने कॉर्टिसोन घेतले होते. खुब्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर काही तासांतच त्याचा रक्तदाब कोसळला. रक्त, सलाईन, इतर औषधे, कशालाही दाद न देता तो गेला. शवविच्छेदनात अधिवृक्क ग्रंथी सुकलेल्या आढळल्या. ज्याला मुळात ॲडिसनचा रोग नव्हता अशा धडधाकट ग्रंथींच्या माणसाला औषधानेच तो रोग जडवून ठेवला होता, आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी, म्हणजे जेव्हा मागणी दसपट वाढली नेमक्या त्याच दिवशी, ते उघडकीस आले.

या एका मृत्यूने जगभरच्या भूलतज्ज्ञांना प्रश्न विचारण्याची सवय लावली. आज शस्त्रक्रियेच्या आधी ते जे खोदून खोदून विचारतात, त्यात स्टेरॉइडचा प्रश्न असतोच. ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनानुसार, रोज ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ज्याने चार आठवडे वा अधिक काळ घेतले आहे, अशा प्रौढ रुग्णाच्या ग्रंथी निद्रिस्त असू शकतात असे धरून चालावे; मोठ्या शस्त्रक्रियेत भूल देतेवेळी १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधाच्या रूपातले कॉर्टिसॉलच, शिरेतून द्यावे आणि पुढच्या चोवीस तासांत २०० मिलिग्रॅम सलाईनवाटे सावकाश सोडावे; आणि रुग्ण तोंडाने खाऊपिऊ लागला की त्याच्या नेहमीच्या गोळ्या काही दिवस दुप्पट करून मग पूर्ववत कराव्यात. इतक्या मोठ्या मात्रेची प्रत्येकाला गरज नसते, नेहमीचीच मात्रा न चुकवता दिली तरी बहुतेकांचे भागते, असे म्हणणारा एक जाणता पक्षही आहे आणि त्याचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. तथापि एका मुद्द्यावर दोन्ही पक्षांत मतभेद नाही: ‘उद्या ऑपरेशन आहे, तर आजपासून सगळ्या गोळ्या बंद’ हा घरातल्या कुणा शहाण्याचा सल्ला स्टेरॉइडच्या बाबतीत प्राणघातक ठरू शकतो.

इथवर आपण जे पाहिले ते उणे भरून काढणारे स्टेरॉइड. त्याचे दुसरे काम याच्या अगदी उलट आहे. त्यात शरीराला पुरेसे कॉर्टिसॉल असतानाही, सूज आणि संरक्षक पेशींचा अतिरेक दडपण्यासाठी ते मुद्दाम जास्त दिले जाते. लोकांचा सगळा घोटाळा होतो तो ही दोन कामे एकच समजण्यामुळे.

या दुसऱ्या कामातला सर्वांत साधा प्रकार असा, की भूल देतानाच ४ ते ८ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन शिरेत टोचतात, आणि त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीला व ओकाऱ्यांना बराच आळा बसतो. आता २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन आणि पाऊण मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे सूज दडपण्याच्या बाबतीत तुल्यबळ धरतात. त्या हिशेबाने डेक्सामेथासोनची ती आठ मिलिग्रॅमची पिचकारी म्हणजे शरीराच्या जवळजवळ वीस दिवसांच्या कमाईएवढी होते. ऐकून छाती दडपावी असा हा आकडा आहे. मग त्याने जखम चिघळत नाही काय? याचा छडा लावण्यासाठी ८,८८० रुग्णांवर केलेल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल २०२१ साली जाहीर झाला: जखमेत जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण डेक्सामेथासोन दिलेल्यांत ८.१ टक्के, न दिलेल्यांत ९.१ टक्के. म्हणजे एका मात्रेने जखमेचे वाकडे होत नाही. रक्तातील साखर मात्र दिवसभर वर जाते. तेव्हा मधुमेही माणसाच्या साखरेचा आकडा शस्त्रक्रियेच्या संध्याकाळी चढलेला दिसला, तर भेटीला आलेल्यांनी चोरून पेढा दिला असे लगेच समजू नये.

अक्कलदाढ काढल्यावर गाल फुगू नये म्हणून, घशातली नळी काढल्यावर श्वासमार्ग सुजू नये म्हणून, बदललेले मूत्रपिंड शरीराने परके म्हणून झिडकारू नये म्हणून, असे त्याचे अनेक उपयोग आहेत. मूत्रपिंडाच्या बाबतीत तर डेन्व्हर येथे टॉमस स्टार्झल यांनी १९६३च्या सुमारास ॲझाथायोप्रिनच्या जोडीला प्रेडनिसोन देऊन दाखवले, तेव्हा कुठे जुळ्या भावंडांखेरीज इतरांतही प्रत्यारोपण टिकू लागले. मेंदूतील गाठीभोवतीची सूज डेक्सामेथासोनने काही तासांत ओसरू लागते, हे मिनेसोटातील मज्जाशल्यचिकित्सकांनी १९६१ साली दाखवले, आणि त्यापूर्वी गाठ काढल्यावर सुजेनेच दगावणारे कितीतरी रोगी तेव्हापासून वाचू लागले.

या यशाने माणसे अर्थातच हुरळून गेली. गाठीभोवतीची सूज ओसरते, तर डोक्याला मार लागल्यावर येणारी सूजही ओसरलीच पाहिजे, असा तर्क करून अपघातग्रस्तांना कित्येक दशके स्टेरॉइड दिले गेले. हा तर्क कागदावर निर्दोष होता. २००४ साली १०,००८ रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला, तेव्हा दोन आठवड्यांत दगावलेल्यांचे प्रमाण स्टेरॉइड दिलेल्यांत २१.१ टक्के आणि न दिलेल्यांत १७.९ टक्के निघाले. सूज म्हणून सूज सगळी सारखी नसते, हे शिकण्यासाठी मोजावी लागलेली ही किंमत फार मोठी होती असे मला वाटते.

आता जरा घरात येऊ. माझ्या मामींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, आणि त्या डोळ्यावर हिरवी पट्टी लावून घरी आल्या तेव्हा बरोबरच्या कागदावर थेंबांचा तक्ता होता: प्रेडनिसोलोनचे थेंब पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, दुसऱ्यात पाच, मग चार, तीन, दोन, आणि सहाव्या आठवड्यात एकदाच. मामींनी तो तक्ता कालनिर्णयाच्या मागच्या बाजूला डकवला आणि प्रत्येक थेंबागणिक त्या दिवसाच्या चौकटीत पेन्सिलीने एकेक टिंब देऊ लागल्या. औषध दुधासारखे पांढुरके, तळाशी साका बसणारे. म्हणून बाटली दरवेळी हलवून घ्यायची, आणि दुसऱ्या औषधाचा थेंब पाच-दहा मिनिटे थांबून टाकायचा, हेही त्या काटेकोरपणे पाळीत. सहा आठवडे संपले. पण थेंबांनी डोळ्याला थंड वाटते, चुरचुर जाते, म्हणून मामींनी जुनाच कागद दाखवून दुसरी बाटली मागवली, मग तिसरी. चार महिन्यांनी चष्म्याचा नंबर काढायला गेल्या, तेव्हा डोळ्यातला दाब बराच वाढलेला निघाला. स्टेरॉइडच्या थेंबांनी काही लोकांच्या डोळ्यातला दाब चढतो आणि तो तसाच राहिला तर काचबिंदू होऊन दृष्टी जाते. दुखत काहीच नाही, त्यामुळे कळतही नाही. मामींचा दाब थेंब बंद केल्यावर उतरला. गंमत अशी, की दीर्घकाळ पोटात वा डोळ्यात घेतलेले हेच औषध मोतीबिंदूलाही कारण होते. मामींच्या दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन पुढच्या वर्षी झाले. तेव्हा सहावा आठवडा संपल्याबरोबर डॉक्टरांनी बाटली स्वतःकडेच ठेवून घेतली.

दीर्घकाळ मोठ्या मात्रेत स्टेरॉइड घेणाऱ्याच्या जखमेची कथा एका मात्रेहून निराळी असते. जखम भरून येण्याची पहिली पायरी म्हणजे सूज. त्या सुजेतच सफाई करणाऱ्या पेशी येतात आणि मागाहून कोलॅजनचे तंतू विणणाऱ्या पेशींना बोलावतात. स्टेरॉइड ही पहिली पायरीच बोथट करते, त्यामुळे टाके काढल्यावर कडा उकलणे, कातडी कागदासारखी पातळ राहणे, असे प्रकार घडतात, आणि अशा रुग्णाचे टाके शल्यचिकित्सक पुष्कळदा चार दिवस उशिराने काढतात. याहून फसवी गोष्ट अशी, की पू झाला तरी ताप येत नाही, पोटात आतड्याची शिवण उसवली तरी पोट दगडासारखे कडक होत नाही. आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा औषधानेच वाढलेला असल्याने तपासणीचा कागदही खोटी साक्ष देतो. अशा रुग्णाच्या बाबतीत नाडी जलद होणे, अन्नावरची वासना उडणे, ‘काहीतरी बरे वाटत नाही’ असे त्याने दोनदा म्हणणे, यांनाच तापाइतके महत्त्व द्यावे लागते. २०२१च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राने काळ्या बुरशीचा जो कहर पाहिला, ज्यात कित्येकांचे जबडे आणि डोळे शस्त्रक्रियेने काढावे लागले, त्यामागेही वाढलेली साखर आणि सढळ हाताने दिलेले स्टेरॉइड यांची युती होती. वेदनाशामक गोळ्यांच्या जोडीला ते घेतले तर जठरात व्रण होण्याचा धोका वाढतो, हेही येथे नमूद करून ठेवतो.

रुग्णालयातून घरी सोडताना स्टेरॉइडची गोळी दिलेली असेल, तर तिचा उतरता क्रम हाच त्या औषधाचा अर्धा गुण समजावा. थोड्या दिवसांची मात्रा एकदम थांबवली तरी सहसा बिघडत नाही. परंतु तीन-चार आठवड्यांच्या पुढे गेलेली मात्रा पायरीपायरीने उतरवावी लागते, म्हणजे हुजुरातून पुन्हा हुकूम निघू लागतात आणि कोठीवरची माणसे कामावर परततात. ही परतण्याची क्रिया कधी काही आठवड्यांत, तर कधी वर्षभराने पुरी होते. या अवधीत उठताना घेरी येणे, मळमळणे, पोटात कळ येणे, हातपाय गळून जाणे ही लक्षणे ‘ऑपरेशनचा अशक्तपणा’ म्हणून खपून जातात. त्यातच ओकाऱ्या सुरू होऊन गोळी पोटात टिकेनाशी झाली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठले पाहिजे.

केनेडींच्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच जंतुसंसर्गाने त्यांना बेशुद्धी आली, धर्मगुरूंना बोलावून अखेरच्या घडीच्या प्रार्थनाही म्हणून झाल्या, आणि तरी ते त्यातून उठले. फेब्रुवारी १९५५मध्ये कण्यात बसवलेली धातूची पट्टी काढण्यासाठी त्यांच्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. पडल्या पडल्या ज्यावर त्यांनी काम केले, त्या पुस्तकाला १९५७ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. रोग जगापासून लपवला असला तरी शस्त्रक्रिया करणाऱ्या चिकित्सकांपासून तो लपवलेला नव्हता, आणि गोळी किती मिलिग्रॅमची, गुटिका कितीव्या महिन्यात पुरल्या, हे सारे त्यांच्या दप्तरी नोंदलेले होते.

आपल्याकडे अशी माहिती चिकित्सकांपर्यंत पोहोचण्याचीच अडचण खरोखर मोठी आहे, कारण पुष्कळांना आपण स्टेरॉइड घेतो हेच ठाऊक नसते. गुडघेदुखीवरची ‘जडीबुटीची’ पुडी, दम्यावरचे गावठी चूर्ण, वजन वाढवण्याच्या बिननावाच्या गोळ्या, यांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन मिसळलेले वेळोवेळी आढळले आहे, आणि दोन दिवसांत भूक वाढून सांधे मोकळे झाले म्हणून माणसे ती वर्षानुवर्षे घेत राहतात. तेव्हा शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ औषधांची चौकशी करतील, त्या वेळी गेल्या वर्षभरात घेतलेल्या गोळ्या, दम्याचा पंप, गुडघ्यात घेतलेली सुई आणि कातडीला लावलेले मलम हे सगळे सांगावे. आणि पुडीचे नाव माहीत नसेल तर पुडीच बरोबर घेऊन जावी.